खंडेनवमीला मांडलेले व्हॉल्व्ह

आमच्या दारात गाडी आली तेव्हा घरातल्या कुणालाच ती चालवता येत नव्हती, आणि गाडीलाही चालता येत नव्हतं. सहा माणसांनी ढकलत ती मरोळ नाक्यापासून आमच्या बैठ्या चाळीपर्यंत आणली आणि जांभळाच्या झाडाखाली, सार्वजनिक नळापासून दहा पावलांवर उभी केली. एके काळची टॅक्सी होती ती. छपराचा पिवळा रंग काळ्याने झाकला होता, पण दारांच्या फटीतून पिवळा दिसायचाच. मीटर काढलेल्या जागी चार भोकं होती. मागच्या सीटवर बसलं की तेलाचा, विडीचा आणि सुकलेल्या मोगऱ्याचा असा एकत्र वास यायचा. आमच्या चाळीत तोवर सायकलपलीकडे कुणाकडे काही नव्हतं. त्यामुळे शेजारचे घाडीकाका रोज सकाळी दात घासत यायचे, तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि बाबांना म्हणायचे, "सावंतानू, मुहूर्त कधीचो काढलास? या जन्मातलोच ना?"

बाबा हसायचे आणि पाना पुसत राहायचे. हसण्यासारखं त्यांच्याकडे तेव्हा फार काही नव्हतं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या एका कारखान्यात ते फिटर होते. कणकवलीकडच्या गावातून चौथी शिकून मुंबईला आले, आणि तेव्हापासून त्या एकाच शेडमध्ये उभे राहिले. मग मालकाने मशिनं ट्रकवर चढवली आणि कारखाना गुजरातकडे नेला. माणसं इथेच राहिली. बाबांनी महिनाभर वसाहतीतलं एकेक गेट पालथं घातलं. सगळीकडे वय विचारायचे, सर्टिफिकेट विचारायचे. शेवटी एका दुपारी जेवताना ते आईला म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघूया. नाय जमला तर गावाक जाऊया."

 आईने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा अंधेरीच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या आख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही कुणालाही सांगते आणि सांगताना लाजत नाही. गावाला जाणं म्हणजे काय हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तिथून जवळचं कॉलेज एसटीने जाऊन त्याच दिवशी परत येता येईल असं नव्हतं, आणि मुलीला बाहेर ठेवण्याची आमच्याकडे रीत नव्हती. म्हणजे दिवाळीनंतर मी काकांच्या घरी भात झोडणार होते आणि पुढल्या मे महिन्यात माझं लग्न होणार होतं. कुणी तसं बोललं नव्हतं, पण ते आमच्या ताटांमध्ये येऊन बसलं होतं.

ही गाडी त्यातूनच आली. नाक्याच्या अलीकडे रशीदभाईंचं गॅरेज होतं. रत्नागिरीकडचे, बोलायला फटकळ. बाबांनी कारखान्यात असताना त्यांना काही बारीकसारीक भाग घासून दिले होते, तेवढीच ओळख. बाबा काम मागायला गेले तेव्हा रशीदभाईंनी विचारलं, "फिटर आहेस ते माहितीय. इंजिन उघडलंयस कधी?"

"नाही."

"बरं झालं खरं बोललास. हो म्हणाला असतास तर चहा पाजून घरी धाडणार होतो." मग त्यांनी गॅरेजच्या मागे गवतात उभी असलेली ती टॅक्सी दाखवली. "हिच्यावर तिघांनी हात मारला आणि सोडून दिली. इंजिन गेलं म्हणाले. घरी घेऊन जा. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी येतो. हिच्यात बसून आपण आरेतून गोरेगावला जायचं आणि परत यायचं. आलो तर सोमवारपासून तू माझा मिस्त्री. नाही आलो तर कुर्ल्याचा एक जण विचारतोय, त्याला लावतो. कबूल?"

बाबा कबूल म्हणाले. घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, "तुमका येता काय ता?" बाबा म्हणाले, "मशीन मशीन असता. बघूया."

आज माझ्याकडेही जुनी गाडी आहे, वीस वर्षांच्या पुढची. मुलुंडला आमच्या सोसायटीत तिच्या बॉनेटमध्ये डोकं घालून मी उभी राहिले की वॉचमन धावत येतो, "मॅडम, मेकॅनिक बोलवू का?" मी त्याला पाणी आणायला पाठवते. फिजिक्स शिकवण्यात माझा जन्म गेला, पण गाडीचं जे काही येतं ते मला त्या जांभळाखाली आलं. जुन्या गाडीला स्वतः हात लावायचा असेल त्याने बाबांचे ते पहिले आठ दिवस ऐकावेत. त्या आठ दिवसांत त्यांनी एकही बोल्ट सैल केला नाही. रोज सकाळी एक जुना ब्रश आणि वाटीभर रॉकेल घेऊन ते इंजिन धूत बसले. वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेल खरवडून काढलं. घाडीकाका म्हणाले, "आंघोळ घालतास की बारसा?" बाबा म्हणाले, "तोंड धुतल्याशिवाय डॉक्टरपण बघत नाय." पण खरं कारण त्यांनी मला नंतर सांगितलं. धुतलेल्या इंजिनावर नवा थेंब आला की तो कुठून आला ते दिसतं. मळक्या इंजिनावर सगळंच गळतंय असं वाटतं, आणि माणूस नको ते उघडतो.

मग त्यांनी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. पट्टीवर तेल नव्हतं, दुधाळ चहासारखं काहीतरी होतं. बाबांनी ते बोटांत चोळलं, हुंगलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "पाणी तेलात मिसळलंय," ते म्हणाले. "म्हणजे हेडखालचं पॅकिंग फाटलंय. इंजिन गेलेलं नाय, तापलेलं आहे." तिघा मेकॅनिकांनी ती पट्टी काढली नसेल असं नाही. काढली असेल, पण घाईत असतील. माझे बाबा घाईत कधीच नसायचे. हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण होता, आणि आईच्या मते सगळ्यात मोठा दोषही.

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडायला घेतलं तेव्हा त्यांनी बिस्किटांच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा घेतला. त्याला सुईदाभणाने भोकं पाडली आणि प्रत्येक भोकाखाली पेन्सिलीने मराठी आकडे घातले. व्हॉल्व्ह निघाला की त्याच्या भोकात, व्हॉल्व्ह उचलणारी दांडी निघाली की तिच्या भोकात, बोल्ट निघाला की त्याच्या. कुठलीही नळी काढली की तिच्या टोकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायची. आई साड्यांना फॉल लावायची, त्यामुळे रंगीत चिंध्यांना आमच्याकडे तोटा नव्हता. मी खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि हे सगळं बघायचे. बाहेर येऊन काही उचलायला गेले की बाबा म्हणायचे, "तू आत जा, वाच. हात काळे करायला आम्ही आहोत." म्हणजे मी बघत होते, पण कशासाठी काय चाललंय ते मला कुणी सांगत नव्हतं आणि मीही विचारत नव्हते. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला विचारायची लाज वाटते, हे मी आता शिक्षक म्हणून सांगू शकते.

व्हॉल्व्ह जळले होते. खालच्या गोल कडांवर खड्डे पडले होते, त्यामुळे ते आपल्या बैठकीवर नीट टेकत नव्हते. बाबांनी दोन आठवडे ते घासले. टोकाला रबरी वाटी असलेली एक काठी असते. ती व्हॉल्व्हला चिकटवायची, कडेला वाळूसारखी पेस्ट लावायची आणि दोन्ही तळव्यांमध्ये काठी धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची. दुपारभर आमच्या खोलीत तो आवाज यायचा. आधी खर्रखर्र, मग हळूहळू सर्र, आणि शेवटी नुसता श्वासासारखा. आवाज तसा झाला की बाबा थांबायचे. आई आतून भाकरी थापताना सांगायची, "ह्यो झालो." तिलाही तोंडपाठ झालं होतं. आठ व्हॉल्व्ह, प्रत्येक आपापल्या बैठकीशी घासून जुळवलेला. एक दुसऱ्याच्या जागी बसणार नाही इतका नेमका.

आणि मग खंडेनवमी आली. दरवर्षी त्या दिवशी बाबांच्या कारखान्यात मशिनांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. बाबा पांढरा शर्ट घालून जायचे आणि येताना कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा घेऊन यायचे. त्या वर्षी कारखाना नव्हता. सकाळी ते हेडचं पॅकिंग शोधायला कुर्ल्याच्या बाजारात गेले. जाताना तोच पांढरा शर्ट घातला, थोडा वेळ आरशासमोर उभे राहिले आणि काढून ठेवला. ते मी पाहिलं. माझ्या मनात आलं, यंदाची पूजा आपण घरीच करायची, आणि अशी करायची की बाबांना कारखाना आठवू नये.

मी ओटा सारवला. गाडीच्या डिकीत ठेवलेला पुठ्ठा बाहेर आणला आणि सगळे भाग काढून घेतले. रॉकेलमध्ये धुतले, मग आई देवाची भांडी घासते तसे चिंच आणि रांगोळीने घासले. चांदीसारखे चमकायला लागले. मग मांडणी केली. मध्ये आठ व्हॉल्व्ह, टोकं आत आणि गोल चकत्या बाहेर, आठ पाकळ्यांचं कमळ. मोठी पाकळी, छोटी पाकळी, मोठी, छोटी. त्याच्याभोवती दांड्या, सूर्याच्या किरणांसारख्या. बाहेर बोल्टांचं कडं. मग बाबांचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत. प्रत्येकावर हळद-कुंकू, मधल्या जागांत झेंडू. आईने गुळखोबऱ्याचा नैवेद्य केला. चाळीतल्या बायका बघायला आल्या. घाडीकाकासुद्धा चप्पल काढून उभे राहिले आणि म्हणाले, "झकास गो. गाडी चलो न चलो, देवी प्रसन्न झाली."

बाबा दुपारी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पॅकिंग होतं. ओट्यासमोर येऊन थांबले. कितीतरी वेळ बघत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला वाटत होतं की त्यांना भरून आलंय.

"कोणी मांडलं?"

"मी."

"छान मांडलंस," ते म्हणाले. चपला काढल्या, वाकून नमस्कार केला, प्रत्येक पान्यावर अक्षता टाकल्या. जेवायला बसले. अर्ध्या भातावर हात थांबला तेव्हा आईने विचारलं, "बरा नाय काय?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "शैला, तो पुठ्ठा कुठं ठेवलास?"

तेलकट पुठ्ठा मी सकाळीच बंबात घातला होता. चटकन पेटतो म्हणून. त्याच पाण्याने आईने आणि मी सणाची आंघोळ केली होती.

मी ते सांगितलं. सांगतानाच मला कळलं. कुणी समजावून द्यायची गरज पडली नाही. पुठ्ठ्यावरचे ते मराठी आकडे एकदम माझ्या डोळ्यांसमोर आले. बाबांनी उरलेला भात संपवला. ताटात टाकायची त्यांना सवय नव्हती. मग बाहेर जाऊन ओट्यावर पूजेच्या शेजारी बसले. पूजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. बाबांनी ती कधी मोडली नव्हती, त्या दिवशीही मोडली नाही. रविवार चार दिवसांवर होता, दोन आठवड्यांचं काम मी झेंडूत मिसळून टाकलं होतं आणि ते हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "रडा नको गो. ते मनात मोजतत."

दसऱ्याच्या दुपारी उत्तरपूजा झाली. बाबांनी कमळातली एकेक पाकळी उचलली, कुंकू पुसलं आणि मला हाक मारली. "इकडे ये. बस. ओढणी बांध." मी बसले. "तुझ्या हातानं मिसळलं, तुझ्याच हातानं लागायला हवं. एकट्यानं माझं होणार नाय, वेळ नाय." आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढे कितीतरी वर्षं वर्गात वेगवेगळ्या शब्दांत सांगत आले. ते म्हणाले, "पुठ्ठा जळला म्हणून काय झालं. ज्या जागी राहिला ती जागा प्रत्येक पार्ट अंगावर घेऊन फिरतो. बघायला शिक."

आधी मोठे चार आणि छोटे चार वेगळे केले. पेट्रोल आत घेणारे मोठे, धूर बाहेर सोडणारे छोटे, त्यामुळे निम्मा गोंधळ तिथेच मिटला. मग त्यांनी माझ्या कंपासपेटीतली मऊ पेन्सिल मागितली. व्हॉल्व्हच्या घासलेल्या कडेवर जवळजवळ आडव्या बारीक रेघा मारायच्या. एका बैठकीत ठेवायचा, बोटाने दाबून पाव फेरा फिरवायचा आणि काढून बघायचा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या असतील तर तो त्याच घरचा. काही पुसल्या आणि काही तशाच राहिल्या तर परका. शुक्रवारी मी कॉलेजला गेले नाही. जन्मात पहिल्यांदा बाबा जा म्हणाले नाहीत. सकाळपासून आम्ही दोघं रेघा मारत आणि पुसत बसलो. पहिला मोठा व्हॉल्व्ह तिसऱ्या बैठकीत फिरवून काढला आणि सगळ्या रेघा एकसारख्या गेलेल्या दिसल्या, तेव्हा मला प्रयोगशाळेत कधी झाला नव्हता इतका आनंद झाला. बाबांनी नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हो, ह्योच." त्यांच्या अंगठ्याला पेन्सिल लागत नव्हती. माझ्यासाठी त्यांनी पेन्सिल काढली होती.

दुपारपर्यंत सहा लागले. दोन छोटे काही केल्या ठरेनात. दोघंही दोन्ही जागी अर्धवट बसत होते. माझ्या चिंच-रांगोळीने कडा खाल्ल्या होत्या. मी म्हटलं, "कुठलाही एक घालू या ना बाबा, चालेल." बाबा म्हणाले, "चालेल. नाक्यापर्यंत." मग त्यांनी ती रबरी वाटीची काठी माझ्या हातात दिली.

दोन व्हॉल्व्ह मी घासले. शुक्रवारची उरलेली दुपार आणि शनिवारची सकाळ. तळव्यांना फोड आले, ते फुटले, त्यात पेस्ट गेली. बाबा शेजारी बसून दांड्या जुळवत होते. दांडीच्या टोकाची झीज नखाने तपासायचे आणि बाजूला ठेवायचे. मधेच म्हणायचे, "जोर देऊ नको. काठीचं वजन पुरे." किंवा, "उचल, थोडा फिरव, परत ठेव. एकाच जागी घासलं तर खळगा पडतो." माझा आवाज खर्रखर्रवरून पुढे सरकेना. मग कधीतरी शनिवारी सकाळी आतून आई म्हणाली, "ह्यो झालो," आणि मी बघितलं तर बाबा आधीच थांबून ऐकत होते.

झालंय की नाही हे बघायची रीत सोपी आहे, आजही चालते. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेलं हेड उलटं ठेवायचं, खळग्यांमध्ये रॉकेल ओतायचं आणि बाजूच्या वाटांमधून काही झिरपतंय का ते बघायचं. आमचं रॉकेल धुण्यात संपलं होतं. आईने स्टोव्हची टाकी काढली आणि उलटी करून दिली. "आज दहीपोहे खावा," ती म्हणाली. आम्ही तिघं ओट्यावर दहीपोहे खात त्या हेडकडे बघत बसलो. खाऊन झाले, ताटल्या विसळून झाल्या, तरी एक थेंब खाली आला नाही.

मग हेड चढवलं. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला जायचं, आणि एकदम घट्ट करायचे नाहीत, तीन फेऱ्यांत करायचे. नाहीतर हेड वाकतं आणि नवं पॅकिंग पुन्हा फाटतं. बाबा हे मनगटाने करत होते. सगळे बोल्ट सारखे घट्ट झालेत हे मोजायचा वेगळा पाना असतो, तो आमच्याकडे नव्हता. इथे मात्र मी तोंड उघडलं. बळ आणि अंतर यांचा गुणाकार मला येत होता. मी रद्दीवाल्याकडून त्याचा आकड्याचा ताणकाटा मागून आणला, पान्याच्या टोकाला अडकवला आणि प्रत्येक बोल्ट जरासा हलेपर्यंत ओढून बघितला. बाबा बाजूला उभे राहून बघत होते. दहापैकी नऊ बोल्टांवर काटा जवळपास एकाच जागी आला. एका बोल्टावर थोडा कमी. बाबांनी तो अर्ध्या नखाएवढा फिरवला आणि म्हणाले, "ह्या काट्याला कळतं मग." मी म्हटलं, "तुमच्या मनगटाला आधी कळलं होतं." ते लाजले. बाबांना लाजताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी रशीदभाई बॅटरी घेऊन आले. स्वतः बसवली, स्वतःच चालवायला बसले. बाबा पुढे त्यांच्या शेजारी, मी मागे. "पोरीला कशाला?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "तिनं पण काम केलंय."  रशीदभाईंनी चावी फिरवली, दोनदा नुसती कुरकुर झाली, तिसऱ्यांदा इंजिन लागलं. मागून निळा धूर निघाला, जांभळात गेला, मग विरळ झाला, मग नाहीसा झाला. चाळीतली सगळी माणसं दारात उभी होती. घाडीकाकांच्या तोंडात ब्रश तसाच राहिला होता.

आरेच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं लागली तेव्हा रशीदभाईंनी काच खाली घेतली. त्यांना वारा नको होता, आवाज हवा होता. तबेल्यांवरून शेणाचा आणि ओल्या गवताचा वास येत होता. चढ सुरू झाला. गाडी चढत होती. मी पुढच्या सीटची पाठ धरून बसले होते. आणि चढाच्या मधोमध मला ऐकू आलं, टक टक टक. बारीक, शिवणयंत्रासारखं. बाबांचे खांदे किंचित वर आले, म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.

रशीदभाईंनी गाडी झाडाखाली घेतली आणि बंद केली. "कोण बोलतोय?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. धुराकडचा," बाबा म्हणाले.

"का बोलतोय?"

बाबा काचेतून समोरच्या चढाकडे बघत राहिले. मला वाटलं ते मला झाकतायत. मी दार उघडून खाली उतरले, पुढच्या खिडकीशी आले आणि सांगून टाकलं. खंडेनवमी, चिंच, रांगोळी, कमळ, बंब, सगळं. "चूक माझी आहे. बाबांनी बरोबर लावले होते."

रशीदभाईंनी कमळापर्यंत ऐकलं आणि त्यांचं पोट हलायला लागलं. बंबाला आले तेव्हा ते स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "चूक तिची नाय, रशीदभाई. मी पुठ्ठ्यावर भरवसा ठेवला. खूण पार्टावरच ठोकायला हवी होती, पंचानं, एक टिंब, दोन टिंबं. ते जळलं नसतं. आणि ह्या दांडीची जागा बहुतेक मीच चुकलो. तापल्यावर दांडी आणि व्हॉल्व्हमधली फट वाढली."

रशीदभाईंनी डोळे पुसले. "मिसळलेले आठ व्हॉल्व्ह तीन दिवसांत लावलेस?"

"दोन. एक दिवस पूजेत गेला."

"घासले कोणी?"

बाबांनी माझा हात धरून खिडकीतून आत दाखवला, तळवा वर करून. रशीदभाईंनी एकेक फोड बघितला. मग म्हणाले, "हिला पण पाठवतोस का गॅरेजला?" थट्टेत म्हणाले, पण पूर्ण थट्टेत नाही.

"नाही," बाबा म्हणाले. "ती कॉलेजात जाते." जन्मभर मला अनेकांनी अनेक पदव्यांनी हाक मारली, पण ते तीन शब्द जसे उच्चारले गेले तसं मी पुन्हा ऐकलं नाही.

बाबांनी खिशातून पत्र्याची पातळ पत्ती आणि पाना काढला. बॉनेट उघडून दोन्ही माझ्या हातात दिलं. "पत्ती फटीत घाल. ओढताना थोडी अडकली पाहिजे, फाटता कामा नये." मी गरम इंजिनावर वाकले. पान्याने तिथला स्क्रू थोडा थोडा आवळत गेले. बाबा जवळ उभे होते, पण त्यांनी हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा पत्ती हवी तशी अडकली. रशीदभाईंनी चावी फिरवली. आम्ही तिघं ऐकत राहिलो. टक टक नव्हतं. रशीदभाई म्हणाले, "चल सावंत. गोरेगाव अजून लांब आहे."

गोरेगावला वळसा घालून आम्ही परत आलो तेव्हा आई दारात उभी होती. हात पदराला पुसत होती, ते आधीच कोरडे असूनही.  बाबा खाली उतरले, बॉनेटवर तळहात ठेवून किती तापलंय ते बघितलं आणि मग तिला म्हणाले, "उद्यापासून डबे दोन कर."

"दोन कित्याक?"

"एक माझो. एक कॉलेजचो."

आई आत गेली. तिने फळीवरून पिठाचा डबा खाली काढला, झाकण उघडलं आणि तळाशी किती पीठ उरलंय ते बघायला कोपरापर्यंत हात आत घातला.